पुढच्या सीटवरचं मॉरिशस

मॉरिशसला गेलेलं मराठी कुटुंब साधारणपणे चार दिवस समुद्राला देतं आणि एक दिवस बेटाला. त्या एका दिवसाचं नाव 'प्रायव्हेट साउथ टूर'. सकाळी साडेआठला हॉटेलच्या दारात धुऊन पुसून चकचकीत केलेली गाडी उभी राहते. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच असतो. ज्वालामुखीचं विवर, तलाव, दरी, धबधबा, सात रंगांची माती आणि मधे कुठेतरी जेवण एवढं सगळं उरकून संध्याकाळी पाचला मंडळी परत हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात. एक अख्खा देश आठ तासांत निकालात निघतो. या सहलीला नाकं मुरडणारे दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, एवढ्या वेळात काय डोंबल कळणार, तिथं महिनाभर राहायला हवं. दुसरा म्हणतो, हेच सगळं बसमधून निम्म्या पैशांत दाखवतात, मग गाडीचा थाट कशाला? एकाला सहल छोटी असल्याचं दुःख आणि दुसऱ्याला ती महाग असल्याचं. माझ्या मते ती छोटी असण्यात काही बिघडत नाही आणि महाग असण्यातही नाही. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ज्या गोष्टीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो ती तिथं मिळत नाही, आणि त्या पैशांत जी खरोखर मिळते तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूखेरीज आपण दिवसभर काही पाहत नाही. ती गोष्ट म्हणजे गाडी चालवणारा माणूस.

आधी छोटेपणाचा आरोप निकाली काढू. मॉरिशसचं मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास. एवढ्या जागेत एक दिवस फिरणं म्हणजे देशाचा अपमान नव्हे. शिवाय जास्त दिवस राहिलं की जास्त कळतं, हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. चार्ल्स डार्विन १८३६ साली 'बीगल' जहाजावरून इथं उतरला आणि दहा-अकरा दिवसांत निघालाही. तेवढ्यात तो डोंगर चढला, त्यानं प्रवाळ पाहिलं, मळे पाहिले, लोक पाहिले आणि लिहूनही ठेवलं. उलट टोकाचं उदाहरण मॅथ्यू फ्लिंडर्सचं. ऑस्ट्रेलियाला वळसा घालून तिचा नकाशा काढणारा हा इंग्रज दर्यावर्दी १८०३ मध्ये परतीच्या वाटेवर इथं थांबला. बेट तेव्हा फ्रेंचांचं होतं, युद्ध चालू होतं, आणि त्याच्याजवळचा परवाना ज्या जहाजाच्या नावाचा होता त्यापेक्षा वेगळ्याच जहाजातून तो आला होता. फ्रेंच गव्हर्नरनं त्याला जो अडकवला तो १८१० पर्यंत सोडला नाही. साडेसहा वर्षांत फ्लिंडर्स फ्रेंच शिकला, मळेवाल्या कुटुंबांत मिसळला, त्याला जिवाभावाचे मित्र मिळाले. संथ प्रवासाचा पुरस्कार करणाऱ्यांना याहून मोठा मुक्काम दाखवता येणार नाही. पण नीट पाहिलं तर त्याला बेट कळलं ते वर्षांमुळे कमी आणि बोलायला माणसं मिळाली म्हणून जास्त. नुसती वर्षंच मोजायची तर त्याच्या दारावरच्या पहारेकऱ्यानंही तेवढीच काढली असतील.

आता दुसरा मुद्दा, खासगीपणाचा. गाडी खासगी असते हे खरं. तिच्यात अनोळखी माणूस बसत नाही, अनोळखी मूल ओकत नाही, जे काही होतं ते घरच्या घरीच होतं. पण पैसे भरताना आपल्या मनात याहून मोठं चित्र असतं. विवराच्या काठावर आपण एकटे, समोर धुकं, मागे वारा, असं काहीतरी. प्रत्यक्षात बेटावरच्या सगळ्या खासगी गाड्या साडेआठलाच निघतात, कारण सगळ्या हॉटेलांतला नाश्ता आठला सुरू होतो. त्या सगळ्या जवळपास एकाच क्रमानं फिरतात, कारण रस्ता एकच आहे आणि डोंगर जागा बदलत नाहीत. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. कोविडच्या आधीच्या काही वर्षांत तिथं वर्षाला तेरा लाखांहून जास्त पर्यटक येत होते. म्हणजे देशाच्या डोक्यांपेक्षा पाहुण्यांची डोकी जास्त. त्यांतल्या ज्यांनी ज्यांनी खासगी सहल घेतली ते सगळे खासगीपणे एकाच कठड्यापाशी एकमेकांना भेटतात. शामारेलच्या धबधब्यासमोर फोटोसाठी जी रांग लागते तिला लग्नाच्या रिसेप्शनची कळा असते: एक कुटुंब चढतं, हसतं, उतरतं, पुढचं चढतं, आणि धबधबा बिचारा नवरदेवासारखा सगळ्यांच्या मागे न हलता उभा. तेव्हा बेटाचा एकांत विकत घेतला, हा समज पहिल्या दोन थांब्यांतच संपायला हवा. टूरवाल्यानं फसवलं असं मात्र म्हणता येत नाही. त्यानं गाडी खासगी म्हणून दिली होती. विवर खासगी म्हणून देण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

थांबे वाईट आहेत असंही नाही. क्युरपीप गावाजवळचं 'ट्रू ओ सेर' हे विवर खरोखरच ज्वालामुखीचं आहे. फक्त त्यात आता झाडी वाढली आहे आणि तळाशी दलदल आहे. लाव्हा बघायच्या तयारीनं आलेला माणूस वाकून पाहतो आणि त्याला थोडं फसल्यासारखं वाटतं. गाव पठारावर असल्यामुळे समुद्रावरच्या अर्ध्या चड्डीत आलेली मंडळी तिथल्या गार पावसात कुडकुडतात, हा अनुभव मात्र पूर्ण खात्रीचा. पुढे गंगा तलाव. हे विवरातच साठलेलं पाणी. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं गेलं. काठावर २००७ पासून शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती उभी आहे, ती वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून घडवलेली. महाशिवरात्रीला लाखो माणसं कावडी खांद्यावर घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून इथवर चालत येतात. एरवी इथं पर्यटक आणि माकडं येतात, आणि दोघांचं लक्ष प्रसादाच्या केळ्यांवर असतं. मग शामारेलची सात रंगांची माती. बेसॉल्ट खडकाची उष्ण, दमट हवेत झीज होऊन त्याची माती झाली. तिच्यातल्या लोहाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा आल्या. सात रंग मोजणं हा तिथला खरा कार्यक्रम. पाच सगळ्यांनाच दिसतात, सहावा गाईड दाखवतो आणि सातवा तिकिटाचे पैसे आठवले की दिसतो. आपल्या कोकणात याच जातीच्या प्रक्रियेनं जांभा तयार झाला. आपण त्याचे चिरे काढून घरं, विहिरी आणि गडगे बांधून मोकळे झालो. त्याच्याभोवती कुंपण घालून लाकडी सज्जा उभारावा आणि बाहेर काचेच्या नळ्यांत भरून तो विकावा, हे चारशे वर्षांत एकाही खोताला सुचलं नाही.

हे सगळं पाहावं, फोटोही काढावेत. पण हे पाहायला खासगी सहल लागत नाही, हा बसवाल्या पंथाचा आक्षेप इथपर्यंत बिनतोड आहे. विवर बसमधून उतरणाऱ्यालाही तेवढंच खोल दिसतं. मग जास्तीच्या पैशांचं काय झालं? ते गेले त्या माणसापाशी, जो आठ तास आपल्यापासून हातभर अंतरावर बसलेला असतो, जो याच बेटावर जन्मला, इथंच शाळेत गेला, घरी क्रेओल बोलतो, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतो, सरकारी फॉर्म इंग्रजीत भरतो आणि आपण दिसलो की हिंदी सुरू करतो. बसमधला गाईड चाळीस जणांत वाटला गेलेला असतो, शिवाय त्याच्या हातात माइक असतो. माइकमधून आवाज एकाच दिशेनं जातो. खासगी गाडीत माइक नसतो. चार भाषा, एक आयुष्य आणि आठ तास एवढा ऐवज एका कुटुंबाच्या स्वाधीन केलेला असतो, आणि पावतीवर त्याची नोंद फक्त 'ड्रायव्हर' अशी असते.

या ऐवजाची किंमत किती, हे पाहायला मॉरिशसच्या पर्यटनातलं सर्वांत गाजलेलं वाक्य घ्या. आधी मॉरिशस घडलं आणि मग त्याच्यावरून स्वर्ग बेतला, अशा अर्थाचं हे वाक्य मार्क ट्वेनच्या नावावर जाहिरातींत आणि माहितीपत्रकांत सर्रास छापलं जातं. ट्वेन १८९६ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना बेटावर आला होता आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्यानं हे नोंदवलं, इतकं खरं. पण ते त्याचं स्वतःचं मत नव्हे. बेटावरचा एक रहिवासी असं म्हणतो, असं त्यानं लिहिलं. आणि दुसरा एक रहिवासी ही अतिशयोक्ती असल्याचं सांगतो, हेही लगेच लिहिलं. जाहिरातवाल्यांनी पहिला रहिवासी ठेवला, दुसऱ्याला वगळलं आणि दोघांच्या वतीनं ट्वेनची सही घेतली. आपल्या मुद्द्याला यातून पुरावा मिळतो तो असा. ट्वेनसारख्या माणसाला त्या बेटावरची सगळ्यात टिकाऊ गोष्ट सापडली ती धबधब्यात किंवा विवरात नाही, तिथल्या माणसांच्या फुशारकीत आणि त्या फुशारकीला तिथल्याच शेजाऱ्यानं मारलेल्या टाचणीत. डार्विनचंही तेच. त्याची सहल तर शब्दशः खासगी होती: बेटाचे सर्व्हेअर जनरल कॅप्टन लॉइड यांच्याकडे तो पाहुणा होता, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी त्याला आपल्या हत्तीवर बसवलं. बेटावर तेव्हा हा एकच हत्ती होता. आजच्या कुठल्याही पॅकेजमध्ये बेटावरचं एकमेव वाहन मिळत नाही. तरीही डार्विनच्या वर्णनात हत्तीइतकीच जागा मिळाली आहे ती हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेल्या कैद्यांना. सार्वजनिक बांधकामांवर ते राबत होते आणि त्यांचे रुबाबदार चेहरे पाहून तो चकित झाला होता. हत्तीवरून जाताना खाली राबणाऱ्यांकडे लक्ष जाणं, हे चांगल्या पर्यटकाचं लक्षण.

आपण एसी गाडीतून जाताना काय करतो? इथं मराठी कुटुंबाच्या आसनव्यवस्थेचा विचार करणं भाग आहे, कारण सहलीचं भवितव्य तिथंच ठरतं. आपल्याकडे ड्रायव्हरशेजारची सीट योग्यतेनुसार मिळत नाही, प्रकृतीनुसार मिळते. ज्याला गाडी लागते तो पुढे. म्हणजे ज्या एका जागेवरून समोरचा रस्ता अख्खा दिसतो आणि शेजारच्या माणसाशी मान न वळवता बोलता येतं, तिथं आपण असा मनुष्य बसवतो ज्यानं डोळे घट्ट मिटलेले आहेत, तोंडात लिंबाची फोड धरलेली आहे आणि ज्याला बोलू नका असं घरच्यांनी बजावलेलं आहे. ज्यांना बोलायला आवडतं ते मधल्या रांगेत चिवड्याचा डबा फिरवत असतात. ज्यांना इतिहासात गती आहे ते सगळ्यात मागे, बॅगांच्या सोबतीला. ड्रायव्हरशी दिवसभरात होणारं संभाषण साधारण तीन प्रश्नांचं: अजून किती वेळ लागेल, जेवायला व्हेज मिळेल ना, आणि एसी थोडा कमी होईल का. उत्तरंही तीनच, वीस मिनिटं, हो आणि हो. जेवणाच्या प्रश्नात तर अन्याय दुहेरी आहे. तो माणूस आपल्याला भारतीय बुफेच्या दारात सोडतो, आपण तिथं आदल्या दिवशीचं पनीर खातो, आणि तो कोपऱ्यावरच्या गाडीवर जाऊन दालपुरी घेतो. आत वाटाण्याच्या डाळीचं सारण, वरून पावट्याच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, लोणचं आणि मिरचीचा ठेचा. नेहमी दोनच्या जोडीनं मिळते. पूर्णपणे शाकाहारी, आपल्या जिभेच्या ओळखीची आणि बुफेच्या मानानं फुकटात जमा. पण व्हेज मिळेल ना हा प्रश्न आपण त्याला विचारतो, तू काय खातोस हा विचारत नाही.

थांब्यांच्या मधला वेळ हा सहलीचा खर्च, आणि थांबे हा फायदा, असा आपला हिशेब असतो. बेटाच्या उत्तरेला ग्राँ बेमध्ये उतरलेला पाहुणा नैर्ऋत्येच्या शामारेलला जाऊन परत आला तर आठांतले तीनेक तास नुसत्या रस्त्यावर जातात. या तीन तासांत मंडळी झोपतात किंवा मागच्या थांब्याचे फोटो पुढच्या थांब्याच्या आत नातेवाइकांना पाठवतात. पण बेट जे काही आहे ते या तीन तासांतच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे पिरॅमिडसारखे ढीग. हे स्मारक नव्हे. ज्वालामुखीच्या बेटावर ऊस लावायचा तर आधी बेसॉल्टचे दगड उचलायला हवेत. ते हातांनी उचलले गेले आणि शेतातच रचून ठेवले गेले. ते हात आधी गुलामांचे होते. ब्रिटिशांनी १८३५ मध्ये इथली गुलामगिरी बंद केली, त्याच्या आदल्याच वर्षी पर्यायाची सोय करून ठेवली होती: २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून हिंदुस्थानी करारी मजुरांची पहिली तुकडी उतरली. १९२० पर्यंत असे साडेचार लाखांहून जास्त मजूर आले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताच्या बाजूचे, बरेच तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले व देशावरचे मराठी लोकही. त्यांचाही प्रवास एजंटानंच आखलेला होता. राहणं, जेवण आणि जाण्याचं भाडं सगळं करारात समाविष्ट. फोटोसुद्धा काढले जात. १८६०च्या दशकापासून मजुराच्या ओळखपत्रावर त्याचा फोटो लावण्याची पद्धत सुरू झाली. फरक असा की कार्यक्रमपत्रिका त्यांना पोचल्यावर कळली आणि तिच्यात एकच थांबा होता. ते ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईतला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. नैर्ऋत्येच्या टोकाचा, पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतलेला ल मॉर्नचा डोंगर २००८ पासून. डोंगर साउथ टूरमध्ये दिसतो, कारण त्याच्या पायथ्याशी समुद्र सुंदर आहे. घाट दिसत नाही, कारण तो राजधानीच्या रहदारीत आहे आणि त्याच्या मातीला एकच रंग आहे.

आता आक्षेप. पहिला असा, की गाईडचं बोलणं पाठ केलेलं असतं. रोज तेच विनोद, त्याच वळणावर. हे अगदी खरं आहे, आणि तक्रार करायला आपण योग्य माणसं नाही, कारण रोज तेच प्रश्न विचारणारेही आपणच. पाठ केलेलं भाषण विवरासाठी असतं, तलावासाठी असतं, सात रंगांसाठी असतं. उसातल्या दगडांसाठी पाठांतर नसतं, कारण त्यांच्याबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. पाठांतर जिथं संपतं तिथं माणूस सुरू होतो, आणि ती जागा प्रत्येक दोन थांब्यांच्या मधे आहे. दुसरा आक्षेप कमिशनचा. जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचा कारखाना, कपड्यांचं दुकान, रमची चव, इथं गाडी हमखास थांबते आणि थांबण्याचे पैसे कुणाला तरी मिळतात, अशी शंका असते. असतीलही. पण दुकान हा या सहलीतला सर्वांत प्रामाणिक थांबा आहे. तिथं कुणी निसर्गाचा आव आणत नाही. १५९८ मध्ये डच या बेटावर आले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो पक्षी नामशेष झाला. आज तो फक्त दुकानात मिळतो, टी-शर्टवर, कपावर आणि किल्लीच्या साखळीला लटकलेला. पाहुण्यांवर भरवसा टाकला तर काय होतं याची एवढी स्पष्ट सूचना यजमान देशानं दारातच लावून ठेवली आहे, आणि आपण ती चार नग घ्या, एक फुकट अशा भावात घरी आणतो. तेव्हा कमिशनबद्दल कुरकुर करताना आपल्या बाजूचाही इतिहास लक्षात असलेला बरा.

तिसरा आक्षेप तरुणांचा. गाडी भाड्यानं घ्यावी, फोनवर नकाशा लावावा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, रस्ते आपल्यासारखे नाहीत म्हणजे चांगले. मग ड्रायव्हर हवा कशाला? नकाशा कुठे वळायचं ते अचूक सांगतो, यात वाद नाही. पण तो वळणापलीकडच्या शाळेत कुठल्या भाषा शिकवतात हे सांगत नाही, चक्रीवादळाची सूचना आली की घरी काय काय भरून ठेवतात हे सांगत नाही, ऊस परवडत नाही म्हणून जमिनीचं पुढे काय होतं हेही सांगत नाही. आणि पुढच्या सीटवर फोन आला की जी काही थोडी बोलाचाली व्हायची तीही त्या फोनातल्या बाईच्या आणि गाडी हाकणाऱ्या नवऱ्याच्या मधे होते, तिसऱ्याला त्यात जागा नसते.

चौथा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला टोलवून चालणार नाही. तो माणूस कामावर आहे. आपल्या खिशातल्या पैशांनी त्याचं आयुष्य तपासायला आपण कोण? बेटाला भाड्यानं घेता येत नाही म्हणून माणसाला प्रेक्षणीय स्थळ करायचं, ही सुधारणा की अधोगती? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच चौकशी आणि गप्पा यांत फरक करायला हवा. चौकशी एकतर्फी असते: पगार किती, घर स्वतःचं का, मुलीचं लग्न झालं का. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात ही प्रश्नपत्रिका सर्वांना सक्तीची असते, ती परदेशी नेऊ नये. गप्पा दोन्ही बाजूंनी चालतात. त्यालाही आपल्याबद्दल काहीतरी जाणून घ्यायचं असतंच: मुंबई खरंच सिनेमात दिसते तशी आहे का, तिकडे गणपती किती दिवसांचा असतो. हा दुसरा प्रश्न कल्पनेतला नव्हे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांमधून मराठी हा विषय शिकवला जातो आणि संख्येनं थोडे असले तरी मराठी मुळाचे लोक बेटावर आहेत, घरी मराठीपेक्षा क्रेओलच जास्त बोलणारे. गाडी चालवणारा त्यांच्यातला निघेलच असं नाही. तो बिहारी मुळाचा असेल, आफ्रिकी मुळाचा असेल, चिनी असेल, मुसलमान असेल. निघाला मराठी, तर गाडीत जो जल्लोष होतो तो टाळता आला तर टाळावा; पाच पिढ्यांपूर्वी आपल्या गावातून तो का गेला याचं उत्तर त्यानं नव्हे, आपण द्यायचं असतं. आणि त्याला बोलायचंच नसेल तर गप्प बसावं, हा नियम सर्व मुळांना सारखा लागू.

म्हणून शेवटी आठ तासांच्या खासगी सहलीबद्दल माझी शिफारस अशी. सहल जरूर घ्यावी, आठ तासांचीच घ्यावी, एकही थांबा वाढवू नये. जमल्यास एक कमी करून त्या वेळात आप्रवासी घाट दाखवशील का असं विचारावं, कारण कार्यक्रम बदलता येणं ही खासगी गाडीची एकच खरी सवलत आहे आणि ती कुणी वापरत नाही. बुफे टाळावा आणि दालपुरी दोन जोड्या घ्याव्यात. बेटाच्या एकांताची अपेक्षा घरी ठेवावी. आणि ज्याला गाडी लागते त्याला निघण्याआधी तासभर अ‍ॅव्होमिनची गोळी देऊन मागे खिडकीशी झोपवावं. पुढची सीट घरातल्या सगळ्यात बडबड्या, चौकस आणि थोड्याफार इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला द्यावी. घराघरांत असा एक काका असतो, ज्याला इतर कुठल्याही प्रसंगी सगळे टाळतात. मॉरिशसमध्ये त्याचा उपयोग आहे. एवढा बदल केला तर जास्तीचे पैसे वसूल होतात, आणि बस का घेतली नाही असं कुणी विचारलं तर सांगायला उत्तर असतं. ते उत्तर काकाच देईल, आणि सविस्तर देईल.